चुकांची वंशावळ

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करायला घेतली आणि ती पुरी व्हायला १९६६ साल उजाडले. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत एकूण १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. कुठली शारदेत, कुठली देवनागरीत, कुठली बंगाली, तेलुगू, ग्रंथ किंवा मल्याळम लिपीत. पोथ्या ताडून पाहण्याची रीत मोठी कष्टाची होती. कागदावर घरे आखायची, प्रचलित पाठातला श्लोक एका घरात एक अक्षर असा मांडायचा, आणि प्रत्येक पोथीत जिथे फरक असेल तो नेमक्या त्या अक्षराखालच्या घरात भरायचा. त्या त्या लिपीचे जाणकार शास्त्री हे काम करीत. एवढा खटाटोप पाठ ठरवण्यासाठी होताच, पण त्याआधी एक प्रश्न सुटावा लागतो: कोणती पोथी कोणत्या परंपरेतून उतरली? पाठचिकित्सेचे शास्त्र याचे जे उत्तर देते ते प्रथम ऐकताना उलटे वाटते. दोन पोथ्यांत बरोबर पाठ सारखा सापडला, तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. दोघींनी तो स्वतंत्रपणे जपलेला असू शकतो. पण दोघींत एकच विचित्र चूक एकाच जागी सापडली, तर त्यांचे नाते जवळचे आहे असे धरावे लागते. एकीवरून दुसरी उतरवली असेल किंवा दोन्ही एकाच तिसरीवरून. महाभारताच्या पोथ्यांत सरमिसळ फार असल्याने हे तत्त्व तिथे यंत्रासारखे लावता येत नाही, हे १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुकथनकरांनी स्पष्ट केले होते. तरी तत्त्व खरेच आहे. नकलेचा माग चुकांवरून लागतो.

हेच तत्त्व आजच्या विद्वानांनाही लावून पाहता येते, आणि ते लावले गेले आहे. २००३ साली मिखाइल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधरी या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी शोधनिबंधांच्या संदर्भसूचीतल्या छापील चुका मोजल्या. त्यांनी उदाहरण घेतले ते कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांच्या १९७३ सालच्या निबंधाचे. भौतिकशास्त्रातला हा नामांकित निबंध. त्यातल्या कामाबद्दल दोघांना पुढे २०१६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही मोजणी झाली तोवर या निबंधाचा हवाला सुमारे ४३०० वेळा दिला गेला होता. त्यातल्या १९६ ठिकाणी खंड, पृष्ठ किंवा वर्ष यांत काहीतरी चुकले होते. माणसाच्या हातून आकडा चुकतोच, तेव्हा इथवर नवल नाही. पण या १९६ चुकांत वेगवेगळ्या चुका होत्या फक्त ४५. पृष्ठक्रमांकाची एक विशिष्ट चूक तर तब्बल ७८ वेळा आली होती. अठ्ठ्याहत्तर लेखकांनी मूळ निबंध हातात धरून प्रत्येकी स्वतंत्रपणे तोच आकडा तसाच चुकवावा, हे शक्य कोटीतले नाही. आधीच्या कुणाच्या सूचीतून ओळ उचलली गेली, तिच्यावरून पुढच्याने, त्याच्यावरून आणखी पुढच्याने. यावरून या दोघांनी अंदाज बांधला की मूळ निबंध खरोखर वाचून हवाला देणारे पाचांत एखादेच असावेत.

या अनुमानावर रास्त आक्षेप घेता येतो. संदर्भाची ओळ नकलली म्हणजे निबंध वाचलाच नाही असे कसे म्हणावे? एखाद्याने निबंध वर्षापूर्वी नीट वाचला असेल आणि लिहायच्या वेळी सोय म्हणून दुसऱ्याच्या सूचीतून ओळ उतरवली असेल. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. पाचांत एक हा आकडा घट्ट धरून ठेवण्यासारखा नाही. पण आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. ज्याने निबंध वाचला त्याच्याजवळ त्या वाचनाचे असे टिपण नव्हते, की ज्यावरून पृष्ठक्रमांक उतरवता यावा. वाचन झाले, पण त्याची नोंद राहिली नाही. म्हणून लिहिताना परक्याच्या नोंदीवर भिस्त ठेवावी लागली. विद्यार्थ्याच्या लेखनातले बहुतेक दोष इथे, या तुटलेल्या दुव्यापाशी जन्म घेतात असे माझे म्हणणे आहे. लेखन चांगले होणार की वाईट, याचा निकाल लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी, वाचताना टिपण काढण्याच्या क्षणी लागलेला असतो. शैली, प्रकरणांची मांडणी, तळटिपांचा साचा हे सगळे मागाहून सुधारता येते. कोणते वाक्य कुठून आले हे एकदा हरवले की मागाहून सापडत नाही.

पृष्ठक्रमांक चुकल्याने ज्ञानाचे फार बिघडत नाही असे कुणी म्हणेल. पण ज्या वाटेने पृष्ठक्रमांक चुकतो त्याच वाटेने मजकूरही चुकतो. पालकातल्या लोहाची गोष्ट घ्या. पालकात लोह फार असते हा समज एका दशांशचिन्हाच्या चुकीतून पसरला, ही कथा ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९८१ साली टी. जे. हॅम्ब्लिन यांच्या लेखात आली. चिन्ह एक घर सरकले आणि लोह दसपट झाले. गोष्ट इतकी सुबक की ती शेकडो ठिकाणी गेली. निष्काळजी संशोधनापासून विद्यार्थ्यांना सावध करण्यासाठी तर ती हमखास सांगितली जाऊ लागली. हॅम्ब्लिन यांनी मात्र या कथेला आधार म्हणून काहीही दिले नव्हते. माइक सटन यांनी २०१० मध्ये तिचा माग काढला, तेव्हा त्यांना दशांशचिन्हाच्या अशा चुकीचा पुरावाच मिळाला नाही. नॉर्वेचे उले ब्यर्न रेकडाल यांनी २०१४ मध्ये ही कथा एका लेखातून दुसऱ्यात कशी झिरपत गेली ते दाखवून दिले. मुळाकडे जा असे सांगणाऱ्या माणसांनीच मूळ न पाहता ती पुढे दिली होती. यात लबाडी नव्हती. प्रत्येकाला वाटत होते की आधीच्याने पाहिले असेल.

म्हणून टिपण म्हणजे काय, याचा थोडा तपशिलात विचार करायला हवा. पुण्याच्याच डेक्कन कॉलेजात ऐतिहासिक तत्त्वांवर रचलेल्या संस्कृत महाकोशाचे काम १९४८ पासून चालू आहे. त्यासाठी सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून सुमारे १ कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. चिठ्ठीवर शब्द असतो, तो जिथे आला ते वाक्य असते, आणि ते वाक्य कोणत्या ग्रंथात नेमके कुठे आहे याचा पत्ता असतो. हा पत्ता नसलेली चिठ्ठी कोशाच्या कामी येत नाही, मग शब्द कितीही दुर्मिळ असो. विद्यार्थ्याच्या वहीतल्या नोंदीला हाच नियम लावला तर आपल्याकडच्या बहुतेक वह्या पहिल्याच पानाला अडतील. तिथे एकाखाली एक वाक्ये असतात. काही पुस्तकातली जशीच्या तशी, काही बदललेली, काही वर्गात ऐकलेली, काही स्वतःला सुचलेली. सारी एकाच शाईत, एकाच सुरात. लिहिले त्या संध्याकाळी कोणते कुठले हे ठाऊक असते. चार महिन्यांनी प्रकल्प लिहायला घेतला की ती सारी आपलीच वाटू लागतात. अ‍ॅलन ब्राऊन आणि डेना मर्फी या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली प्रयोग करून दाखवले, की गटात बसून शब्द किंवा कल्पना सुचवणारी माणसे थोड्याच वेळाने दुसऱ्याने सुचवलेले प्रामाणिकपणे आपले म्हणून सांगतात. एका बैठकीत असे होते, तर चार महिन्यांत काय होईल? वाङ्मयचौर्याच्या आरोपात सापडलेला विद्यार्थी ‘मला कळलेच नाही’ म्हणतो तेव्हा तो प्रत्येक वेळी खोटे बोलत असतो असे नाही.

उपाय अवघड नाही, फक्त तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो. जसाच्या तसा उतरवलेला मजकूर अवतरणचिन्हांत घालायचा, वही कितीही खासगी असली तरी. आपल्या शब्दांत काढलेला सारांश अवतरणचिन्हांशिवाय, पण पुस्तक व पृष्ठ यांच्या नोंदीसह. आपल्याला सुचलेला विचार, शंका, चीड असेल तर तीही, निराळ्या खुणेने. कुणी चौकट करतो, कुणी समासात नावाचे आद्याक्षर टाकतो. या तीनपैकी सर्वांत दुर्लक्षित आहे तो सारांश, आणि त्याच्यापाशी जरा थांबले पाहिजे. पुस्तक उघडे ठेवून काढलेला सारांश हा बहुधा शब्दांची अदलाबदल असतो: ‘महत्त्वपूर्ण’च्या जागी ‘महत्त्वाचे’, कर्तरीच्या जागी कर्मणी. पुस्तक मिटून काढलेला सारांश ही निराळीच गोष्ट. जे समजले तेवढेच उतरते, आणि जिथे लेखणी अडते तिथे समजलेले नाही हे तत्क्षणी कळते. यात स्मरणाचाही फायदा आहे. रोएडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चारही सत्रांत फक्त पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा चित्र उलटले: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होते, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. संशोधनाची सवय आणि अभ्यासाची सवय या दोन वेगळ्या नाहीत, हे यातून लक्षात यावे.

हे टिपण हाताने काढावे की संगणकावर, या वादात फार शक्ती घालवू नये. म्यूलर आणि ओपेनहायमर यांच्या २०१४ च्या अभ्यासाचा दाखला देऊन हाताने लिहिण्याची थोरवी आजही सांगितली जाते. पण तोच प्रयोग इतरांनी पुन्हा केला तेव्हा फरक इतका स्पष्ट आढळला नाही, ही पुढची बातमी त्या दाखल्याबरोबर क्वचित येते. संगणकावर टंकताना माणूस ऐकलेले शब्दशः उतरवत सुटतो, ही त्यातली चिंता मात्र खरी. पण वहीवरही तसे करता येतेच. माध्यमापेक्षा पुस्तक मिटण्याची सवय मोठी. आणि तिच्याइतकीच मोठी दुसरी सवय चार्ल्स डार्विन यांची. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट वाचनात किंवा निरीक्षणात आली की ती लगेच, न चुकता टिपून ठेवायची, कारण अशाच गोष्टी मनातून लवकर निसटतात, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ साली आले, तेव्हा त्यावर उठणाऱ्या आक्षेपांतले कितीतरी ग्रंथकर्त्याने आधीच विचारात घेतलेले होते, ते या सवयीमुळे. विद्यार्थ्याच्या प्रबंधात विरोधी पुरावा सापडत नाही, याचे कारण बहुतेक वेळा तो दडवलेला असतो हे नसते. तो टिपलाच गेलेला नसतो.

अशा टिपणांवर पहिला आक्षेप वेळेचा. सत्र चार-साडेचार महिन्यांचे, विषय पाच-सहा, शिवाय अनेकांना नोकरी. अशात पानापानाचा पत्ता लिहीत कोण बसणार? आक्षेपामागची ओढाताण खरी आहे, तिची टिंगल करणे अन्यायाचे होईल. पण वेळेचा हिशेब उलटा आहे. पृष्ठक्रमांक वाचतानाच टिपायला चार सेकंद लागतात, सहा महिन्यांनी तो शोधायला अर्धा दिवस जातो, आणि अनेकदा जाऊनही तो मिळत नाही. पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ लिहीत होते. व्यवहारमयूख या ग्रंथाच्या आवृत्तीला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी एवढाच मूळ बेत. त्याचे पाच खंड झाले, पहिला १९३० चा, शेवटचा १९६२ चा. साडेसहा हजारांवर पृष्ठे, आणि विधानांमागे ग्रंथांचे पत्ते. असे काम मोकळ्या वेळाच्या जोरावर होत नसते. आज टिपलेले दहा वर्षांनी जसेच्या तसे हाती लागेल, या भरवशावर ते उभे राहते. विद्यार्थ्याने काणे व्हावे असे कोण म्हणतो! एका प्रकल्पात निदान एक विधान, ज्यावर आपला सगळा युक्तिवाद टेकला आहे ते, मुळापर्यंत जाऊन तपासावे. बाकीची नोंद नीट ठेवावी. पदवीच्या पातळीवर एवढे पुष्कळ झाले.

दुसरा आक्षेप नियमांच्या आडून येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी साम्याचे टप्पे ठरवले: १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, त्यापुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० च्या वर अशा चढत्या पायऱ्या, शेवटच्या पायरीवर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. नियमांची गरज होती यात शंका नाही. पण त्यातून एक समज रुजला, की सॉफ्टवेअरने १० च्या खाली आकडा दाखवला की लेखन शुद्ध. मग सारी मेहनत शब्द बदलण्यात जाते. तपासणारे सॉफ्टवेअर जुळणारे शब्द पाहते. विधानाला आधार आहे का, हे ते पाहू शकत नाही. पालकाची कथा शंभर निराळ्या भाषाशैलींत लिहिली तरी साम्याचा आकडा शून्य येईल आणि चूक तशीच राहील. जुन्या पोथ्या उतरवणाऱ्यांशी तुलना केली तर एक फरक मनाला लागतो. ते निदान अक्षरे जशीच्या तशी उतरवीत, त्यामुळे शतकांनंतरही त्यांच्या नकलेचा माग लावता आला. शब्द फिरवून केलेली नक्कल हा मागही पुसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, तो भाषेचा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना पदव्युत्तर पातळीवर इंग्रजी ग्रंथ वाचावे लागतात, पुष्कळदा लिहावेही इंग्रजीतच लागते. हाताशी असलेली इंग्रजी तोकडी, त्यामुळे पुस्तकातलेच वाक्य इकडून तिकडून कापून जोडले जाते. ही चोरी म्हणावी का? नवी भाषा शिकणारा प्रत्येक जण काही काळ दुसऱ्याच्या वाक्यांवर चालतो. त्याला गुन्हेगार ठरवून काही साधत नाही. पण याच विद्यार्थ्याकडे एक बळ आहे, जे इंग्रजीतच वाढलेल्या विद्यार्थ्याकडे नाही. त्याने इंग्रजी पान वाचून टिपण मराठीत काढावे. भाषा बदलली की वाक्य उचलताच येत नाही. आधी अर्थ पकडावा लागतो, मग आपले वाक्य बांधावे लागते. पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवले तरी चालेल, क्रियापद मराठी असले म्हणजे झाले, कारण कोण काय करतो हे क्रियापदात कळते. पुढे त्या मराठी टिपणावरून इंग्रजीत लिहिताना वाक्ये साधी उतरतील, कदाचित ओबडधोबडही. पण ती त्याची असतील आणि मार्गदर्शकाला त्यांवर काम करता येईल. अट एकच: भाषांतर केले म्हणून कल्पना आपली होत नाही. पत्ता इथेही लिहावाच लागतो. मराठीत छापलेल्या संदर्भग्रंथांतही परभाषेतला मजकूर नामोल्लेखाशिवाय उतरलेला आढळतो, आणि त्याचा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारता येणार नाही. त्यांनी तेच नमुने पाहिलेले असतात.

मूळ ग्रंथ तालुक्याच्या गावी मिळत नाहीत, ही तक्रार काल होती तेवढी आज राहिलेली नाही. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले आहेत, मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे, जुनी गॅझेटियर घरबसल्या पाहता येतात. तरीही एखादा ग्रंथ मिळणार नाही. तेव्हा अमुक विधान तमुक लेखकाच्या ग्रंथात उद्धृत केलेले पाहिले, असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. न पाहिलेल्या ग्रंथाचे नाव पाहिल्यासारखे देणे, हाच त्या अठ्ठ्याहत्तर जणांपैकी पुष्कळांचा दोष असावा.

आता हे सगळे यंत्र करील, असेही म्हटले जाते. संदर्भ नेटके मांडून देणारी साधने आहेत आणि ती जरूर वापरावीत. स्वल्पविराम कुठे द्यावा यात विद्यार्थ्याची उमेद खर्च होऊ नये. पण कृत्रिम बुद्धिमत्तेला संदर्भ मागितले तर ती कधी कधी अस्तित्वातच नसलेले लेख, लेखक आणि पृष्ठांकांसह, पुढे करते. २०२३ साली न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात दोन वकिलांनी असेच न घडलेले खटले दाखले म्हणून सादर केले आणि न्यायालयाने ५००० डॉलरचा दंड केला. जुन्या नकलेत निदान साखळीच्या टोकाला कुठेतरी एक खरा निबंध असे. इथे टोकच नाही. ते दाखले मूळ निकालपत्रांत शोधायचे ठरवले असते, तर असे खटलेच नाहीत हे दाखल करण्याआधी कळले असते. म्हणजे यंत्र आल्याने मूळ उघडून पाहण्याची गरज वाढली आहे.

राहिली एक भीती, विद्यार्थ्यांच्या मनातली आणि फारशी न बोलली जाणारी: इतके खोलात गेलो तर शंकाच हाती लागतील, ठाम काहीच लिहिता येणार नाही. महाभारताच्या संपादकांपुढेही हीच अडचण होती. बाराशेहून अधिक पोथ्या तपासल्यावर कितीतरी जागी खात्रीने एकच पाठ निवडता येत नव्हता. त्यांनी काम थांबवले नाही, आणि खात्री असल्याचा आवही आणला नाही. जो पाठ त्यातल्या त्यात सयुक्तिक वाटला तो वर छापला. न निवडलेले पाठभेद पोथीच्या खुणेसह त्याच पानाच्या तळाला दिले, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला त्यांचा निर्णय फिरवायचा असेल तर लागणारे साहित्य तिथेच मिळावे. आणि जिथे निवड डळमळीत होती, तिथे संहितेतल्या त्या शब्दांखाली एक नागमोडी रेघ ओढली. १९३३ साली पुऱ्या झालेल्या आदिपर्वाच्या खंडात त्या रेघा आजही पाहता येतात.